नवं ग्राफिक कार्ड आता घ्यायचं की थांबायचं?

२०२३ च्या दिवाळीत मी एन्व्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक कार्ड घेतलं. आधीचं जीटीएक्स १०६० सहा वर्षं राबलं होतं. कार्ड बसवलं, सायबरपंक २०७७ हा खेळ लावला, आणि गर्दीच्या चौकात गाडी पूर्वीसारखीच अडखळली. आधी वाटलं ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, चुकलंय. मग वाटलं, दुकानदाराने फसवलं. शेवटी आकडे स्क्रीनवर आणले तेव्हा कळलं की कार्ड जेमतेम ५५ टक्के काम करतंय आणि चार कोअरचा माझा आय५ ७४०० प्रोसेसर शंभरावर धापा टाकतोय. बैल नवा आणला होता, मोडकं होतं गाडीचं चाक. पुढे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम यांवर जवळपास कार्डाइतकेच पैसे गेले.

तेव्हापासून कोणी "घेऊ का रे आता कार्ड?" असं विचारलं की मी उलट प्रश्न विचारत बसतो. तेच प्रश्न इथे क्रमाने मांडलेत. हे सगळं डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपमधलं ग्राफिक कार्ड बहुधा बोर्डावरच पक्कं बसवलेलं असतं, ते बदलता येत नाही.

हाताशी काय हवं

- एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर. खेळताना कार्डाचे आणि प्रोसेसरचे आकडे स्क्रीनवर दाखवतात. फुकट आहेत, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतात.
- जीपीयू-झेड, कार्डाची माहिती दाखवणारं. हेही फुकट.
- मोजपट्टी, स्टारचा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च.
- एसएमपीएसवरच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) लेबलचा फोटो. लेबल आतल्या बाजूला असेल तर कॅबिनेट उघडावं लागेल.
- जुन्या कार्डाचं बिल, सापडलं तर.
- वही. फोनमधली नोंद चालेल, पण आकडे लिहून ठेवाच, लक्षात राहत नाहीत.

१. खेळाचं नाव लिहा

"पीसी जुना झालाय" हे कारण धरू नका. कुठला खेळ, कुठल्या सेटिंगवर, किती एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळतात आणि तुम्हाला किती हवेत, एवढं एका ओळीत लिहा. ही ओळ लिहिता येत नसेल तर तुम्हाला कार्ड नकोय, नवेपणा हवाय. त्यात वाईट काही नाही, फक्त मग हा लेख वाचायची गरज नाही.

दिवसाचे तीन तास व्हॅलोरंटसारखा हलका खेळ खेळणाऱ्याला बहुतेक वेळा नवं कार्ड लागत नाही. उलट काही खेळ जुन्या कार्डावर हळू चालत नाहीत, चालतच नाहीत. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ चा डूम: द डार्क एजेस, या दोन्हींना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायची कार्डातली खास सोय) सक्तीचं आहे. जीटीएक्स मालिकेतली कार्डं किंवा एएमडीची आरएक्स ५००० आणि त्याआधीची कार्डं तिथे दारातूनच परत. तुमच्या यादीत असा खेळ असेल तर प्रश्न बराचसा सुटला.

दुसरी भीती ड्रायव्हरची. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर एन्व्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाही येत राहतील असं सांगितलं. म्हणजे १०६० आज बंद पडलं नाही, जुने खेळ चालतातच. नव्या खेळात काही बिघडलं तर दुरुस्ती येणार नाही, एवढं धरून चाला.

२. स्क्रीन किती मोठी आणि किती वेगाची

१०८० पी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० पी वर सुमारे ३६.९ लाख, फोर-केवर सुमारे ८२.९ लाख. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये हे सगळे रंगवायचे असतात. म्हणून "मित्राकडे हे कार्ड मस्त चालतं" या वाक्याला मित्राची स्क्रीन कळल्याशिवाय अर्थ नाही.

आणि तुमची स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी, असेल तर १४० एफपीएस देणाऱ्या कार्डातले बरेचसे पैसे तुम्हाला दिसणारच नाहीत.

इथे दोन सापळे आहेत, दोन्ही लाजिरवाणे आणि दोन्ही सर्रास आढळणारे. एक, मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते. कार्ड आत शांत बसून असतं आणि खेळ प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर रखडत चालतो. दोन, मॉनिटर १४४ हर्ट्झचा, पण विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंग ६० वरच. माझा एक मित्र नाशिकला आठ महिने असाच खेळत होता आणि "१४४ मध्ये काही विशेष फरक नाही" असं सगळ्यांना सांगत होता.

३. पाणी कुठे मुरतंय ते मोजा

ही पायरी मी गाळली होती, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो.

आफ्टरबर्नरमध्ये मॉनिटरिंगच्या टॅबवर जा आणि हे आकडे खेळताना स्क्रीनवर दिसतील असं करा: जीपीयूचा (कार्डाची मुख्य चिप) वापर, जीपीयूचं तापमान, कोअर क्लॉक (त्या चिपचा वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणारी कामाची एक रांग) वापर, रॅम आणि फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ). मग खेळाची व्ही-सिंक (एफपीएस स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा दोन्ही बंद करा. हे विसरलात तर मोजणी वाया जाते, कारण ६० वर बांधलेला खेळ चांगल्या कार्डालाही अर्धवट काम देतो आणि तुम्ही प्रोसेसरला दोष देत बसता.

खेळातली सगळ्यात त्रासदायक जागा निवडा. बाजारपेठ, मोठी लढाई, पावसातलं जंगल, जिथे तुम्हाला राग येतो तीच. तिथे वीस मिनिटं खेळा. पाच मिनिटांत कार्ड नीट तापतही नाही.

आता आकडे वाचा. जीपीयू सतत ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल आणि एफपीएस तरीही कमी, तर दोष कार्डाचाच. जीपीयू ६०-७० वर रेंगाळतोय आणि प्रोसेसरचा एखाद-दुसरा थ्रेड शंभराला टेकलाय, तर नवं कार्ड आणून काहीही बदलणार नाही. प्रोसेसरचा एकूण आकडा मात्र फसवतो. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एकूण ४० टक्के दिसेल आणि त्यातला ज्यावर खेळाचा मुख्य भार आहे तो एक थ्रेड पूर्ण भरलेला असेल. म्हणून प्रत्येक थ्रेड वेगळा दाखवायला सांगितलं.

तिसरी शक्यता व्हीरॅमची. सरासरी एफपीएस चांगले, पण मान वळवली की झटका बसतो, भिंतींवरचं चित्र आधी धूसर दिसतं आणि मग उमटतं. व्हीरॅमचा आकडा कार्डाच्या क्षमतेला चिकटलेला असेल तर टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांची) सेटिंग एक पायरी खाली आणून बघा. झटके गेले तर कार्डाची ताकद पुरेशी आहे, पोट लहान आहे.

चौथी उष्णतेची. सुरुवातीला क्लॉक १८०० मेगाहर्ट्झ आणि पंधरा मिनिटांनी १५०० असेल, तापमान ८३ अंशांच्या आसपास अडकलं असेल, तर कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतंय. ही मोजणी मे महिन्यात दुपारी केली आणि जानेवारीत रात्री केली तर दोन वेगळी उत्तरं मिळतात. शक्यतो उन्हाळ्याचं खरं धरा.

खात्री करायला एक सोपी परीक्षा: रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा, बाकी काही हलवू नका. एफपीएस उसळले तर अडचण कार्डाची. तसेच राहिले तर प्रोसेसरची किंवा रॅमची. मी हे दोन मिनिटांचं काम २०२३ मध्ये केलं असतं तर निम्मे पैसे वाचले असते.

४. फुकटचे उपाय आधी संपवा

कॅबिनेट उघडा. रस्त्याकडेच्या खोलीत दोन वर्षं चाललेल्या पीसीच्या हीटसिंकवर धुळीची अक्षरशः गोधडी सापडते. ब्लोअरने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो भरधाव फिरू देऊ नका. कार्ड चार-पाच वर्षांचं असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या, पण वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीचे नियम आधी बघा.

मग रॅम. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावून ड्युअल चॅनल करणं हा बऱ्याच जुन्या पीसींवरचा सगळ्यात परिणामकारक उपाय. बायोसमध्ये (मदरबोर्डची मूळ सेटिंग्ज) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का तेही तपासा. नसेल तर ३२०० ची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत असते. असेम्बल करून देणारे हे चालू करायला विसरतात. माझ्या पीसीवर पाच वर्षं तेच होतं.

सेटिंग्जमध्ये सावल्या आणि धुकं-प्रकाशाचे इफेक्ट अल्ट्रावरून हायवर आणा. चित्रातला फरक शोधावा लागतो, एफपीएसमधला दिसतो. खेळात एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र काढून मोठं करणारं तंत्र) असेल तर ते जीटीएक्सवरही चालतं. एन्व्हिडियाच्या तशाच डीएलएसएसला आरटीएक्स कार्ड लागतं, पण २०१८ ची आरटीएक्स २००० मालिकाही त्यात येते. क्वालिटी मोडवर ठेवून आठवडाभर खेळा. अनेकांची खरेदी इथेच वर्षभर पुढे जाते.

५. पीसीला नवं कार्ड पेलेल का

इथपर्यंत येऊन दोष कार्डाचाच निघाला असेल तर दुकान उघडण्याआधी कॅबिनेट उघडा.

एसएमपीएस: आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, ५०६० ला १४५, आरएक्स ९०७० एक्सटीला ३०४. पहिल्या दोघांसाठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, शेवटच्यासाठी ७५० वॅटचा. पण लेबलवरचा मोठा आकडा वाचून थांबू नका, १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या "४५० वॅट"वर नवं कार्ड लावणं म्हणजे उसाचा ट्रॅक्टर मोपेडच्या इंजिनवर ओढणं. आठ पिनच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात, सहा पिनच्या ७५, स्लॉटमधून ७५. तुमच्याकडे कुठल्या वायरी आहेत त्या मोजा. चार पिनच्या जुन्या वायरीला जोडणी लावून काम भागवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

यूपीएस: ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमधून साधारण ३६० वॅट मिळतात. वीज गेल्यावर खेळ चालू असताना तो भार झेपेल का, हा हिशोब आपल्याकडे करावाच लागतो.

जागा: कार्डाची लांबी आणि जाडी कंपनीच्या पानावर मिलिमीटरमध्ये असते. पुढचे पंखे धरून मोजा. माझ्या कॅबिनेटमधला हार्डडिस्कचा पिंजरा कापावा लागला होता.

स्लॉट: ही बाब दुकानात कोणी सांगत नाही. आरटीएक्स ४०६०, ५०६०, ५०६० टीआय आणि आरएक्स ६६०० ही कार्डं स्लॉटमधल्या सोळापैकी आठच मार्गिका (डेटा जाण्यायेण्याच्या वाटा) वापरतात. एएमडीच्या बी४५० किंवा इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर पीसीआयई ३.० (स्लॉटची जुनी पिढी) आहे, तिथे त्या आठ मार्गिकांचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. व्हीरॅम पुरेसा असेपर्यंत फरक थोडा, भरला की झटके. आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच मार्गिकांवर चालतं, जुन्या बोर्डवर त्याला हात लावू नका. इंटेलचं आर्क बी५८० पैशाला चोख आहे, १२ जीबी देतं, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो. त्यासाठी इंटेलची दहावी पिढी किंवा रायझन ३००० आणि त्यापुढचा प्रोसेसर हवा.

६. बाजाराची वेळ

"पुढच्या महिन्यात नवी पिढी येतेय, थांब" हा सल्ला फुकट मिळतो. एन्व्हिडियाच्या पिढ्या साधारण दोन वर्षांनी येतात: सप्टेंबर २०१८, सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२, जानेवारी २०२५. पण आधी येतात ती महागडी कार्डं. ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, ४०६० जून २०२३ मध्ये. ५०९० जानेवारी २०२५ मध्ये, ५०६० मे महिन्यात. मधल्या किमतीचं कार्ड हवं असणाऱ्याला "पुढचा महिना" म्हणजे चार ते आठ महिने. तेवढे थांबायची तयारी असेल तर थांबा. परीक्षा संपल्यात आणि मे महिना मोकळा आहे, तर नका थांबू.

थांबलं की स्वस्त होतं हेही नेहमी खरं नाही. २०२१ मध्ये क्रिप्टोच्या खाणकामाने, म्हणजे कार्डांकडून गणितं करवून डिजिटल नाणी मिळवण्याच्या धंद्याने, कार्डं दुप्पट भावाने विकली जात होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने पद्धत बदलली, कार्डांवरचं त्याचं खाणकाम एका दिवसात निरर्थक झालं आणि त्यानंतर थांबलेल्यांचं भलं झालं. २०२५ च्या शेवटी उलटं घडलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलला आणि रॅमचे भाव भडकले. थांबलेल्यांना रॅमची पट्टी काही पटींनी महाग पडली. मेमरी कार्डातही असतेच, तेव्हा अशा काळात "अजून थोडं पडू दे" म्हणत बसणं जोखमीचं.

आपल्याकडचा ऋतू ठरलेला आहे. पितृपक्षात बरेच जण नवी वस्तू घेत नाहीत, नवरात्राच्या सुमारास ऑनलाइन सेल सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत चालतात. दुसरी संधी प्रजासत्ताक दिनाची, तिसरी जुलैची. सेलच्या आधी महिनाभर दर रविवारी तीन ठिकाणचा भाव वहीत लिहा, एक भाव मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातल्या दुकानाचा फोनवरून विचारून. खोक्यावरची एमआरपी कधीच खरी नसते, म्हणून "४२ टक्के सूट" वाचून हुरळू नका, वहीतला आकडा बघा. सेलच्या आदल्या आठवड्यात भाव चढवून मग उतरवल्याचं मी दोनदा पकडलंय.

अमेरिकेतली जाहीर किंमत डॉलरच्या भावाने गुणून दुकानदाराशी भांडू नका. ती करपूर्व असते आणि आपल्याकडे कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा मोठे मॉनिटर २८ वरून १८ वर आले, कार्डं आधीही १८ वरच होती. "नो कॉस्ट" हप्त्यातही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी लागतो, तो धरून बेरीज करा.

७. किती फरक पडला तर घ्यायचं

माझा स्वतःचा नियम: पहिल्या पायरीत लिहिलेल्या खेळात, माझ्या स्क्रीनवर, एफपीएस किमान दीडपट व्हायला हवेत. ४० चे ५० झाले तर आठवडाभर कौतुक वाटतं, मग विसरायला होतं. ४० चे ७० झाले तर खेळच बदलतो.

आकडे गेमर्स नेक्सस, हार्डवेअर अनबॉक्स्ड किंवा टेकपॉवरअपसारख्या स्वतंत्र चाचण्यांतून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये एन्व्हिडियाने मंचावरून ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९० च्या तोडीचं असल्याचं सांगितलं. ती तोड एकाच्या जागी चार फ्रेम दाखवणाऱ्या फ्रेम जनरेशनच्या जोरावर होती. मधल्या फ्रेम तयार केलेल्या असतात, तुमच्या माउसला त्या उत्तर देत नाहीत. मुळात ३० एफपीएस असतील तर चित्र गुळगुळीत दिसतं आणि हात चिखलात असल्यासारखा वाटतो. म्हणून फ्रेम जनरेशन बंद असलेला आलेखच बघा.

८. एकच नाव, दोन कार्डं

जीटीएक्स १०६० च्या ३ जीबीत कोअरही कमी होते. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी हे ८ जीबीपेक्षा सरळसरळ दुबळं आहे. "आरएक्स ५८० २०४८एसपी" नावाने विकलं जाणारं कार्ड प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचं. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी दोन्ही ८ आणि १६ जीबीत मिळतात, जाहिरातीत ठळक नाव एकच असतं. माझं मत विचाराल तर चार-पाच वर्षं चालवायचं कार्ड आज ८ जीबीचं घेऊ नये. पैसे कमीच असतील तर सेकंडहँड १२ जीबीचं बघा.

९. सेकंडहँड घेताना

विक्रेत्याच्या घरी जा, चालू पीसीत लावलेलं बघा. जीपीयू-झेड उघडा, नाव आणि कोअरची संख्या कंपनीच्या पानाशी जुळवा. बनावट बायोस टाकलेल्या एन्व्हिडिया कार्डांना ते बऱ्याचदा स्वतःच बनावट म्हणून दाखवतं. फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) पंधरा मिनिटं चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, सगळे पोर्ट लावून बघा. मूळ बिल आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळतो का ते पाहा. "सील फोडलेलं नाही, इथे तपासता येणार नाही, आधी पैसे पाठवा" असं ऐकलं की फोन ठेवून द्या.

अमेरिकेहून येणाऱ्या बहिणीला कार्ड आणायला सांगणार असाल तर ती वॉरंटी भारतात चालते का हे त्या कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पुष्कळदा चालत नाही.

१०. खोकं घरी आल्यावर

खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, सीरियल नंबर दिसेल असा. जुना ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून पुसणारं सॉफ्टवेअर) काढा, मग पीसी बंद करून वायर उपटा. कार्ड स्लॉटमध्ये टक आवाज येईपर्यंत बसवा, वीजजोडणी पूर्ण आत गेली का हे टॉर्च मारून बघा. केबल कार्डाला.

मग तिसऱ्या पायरीतली तीच जागा, तीच वीस मिनिटं, तेच आकडे, वहीत जुन्यांच्या शेजारी लिहा. परत करण्याची मुदत संपण्याआधी हे करा, कारण सात दिवस लग्नकार्यात कधी निघून जातात कळत नाही. जुनं कार्ड लगेच विकू नका, महिनाभर कपाटात ठेवा. माझं नवं कार्ड अठराव्या दिवशी वॉरंटीत गेलं, तेव्हा तीन आठवडे १०६० नेच काम भागवलं.